डोंगरओढ्याची शिरगणती

जबलपूरचा मनुष्य आपल्या पाहुण्यास प्रथम कोठे नेतो हे सांगावयास नको. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात दाखविल्यावाचून आमच्या गावचा पाहुणचार पुरा होत नाही. पाहुणा कठड्यापाशी उभा राहतो, तुषारांनी भिजतो, धन्य होतो. परंतु हे एवढे पाणी येते कोठून, असा प्रश्न विचारणारा पाहुणा मला अद्याप भेटावयाचा आहे.

नर्मदेच्या माथ्यावर हिमालय नाही. गंगेला उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचा जो आधार असतो, तो हिला नाही. पावसाळा सरल्यावर तिच्या पात्रात जे वाहते ते मैकल, सातपुडा आणि विंध्य या डोंगरांनी चार महिने पिऊन ठेवलेले आणि मग थेंबाथेंबाने सोडलेले पाणी. बरगीचे धरण १९९० साली पुरे झाल्यापासून आमच्या गावाशी येणारा प्रवाह धरणाच्या दारांतून येतो, हे खरे. पण धरणात तरी पाणी येते ते डोंगरातल्या लहानलहान ओढ्यांच्याच वाटेने. या ओढ्यांना इकडे ‘नाला’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ऐकून गावची सांडपाण्याची गटारे आठवतात. मलाही इकडे आल्यावर पहिली काही वर्षे तसेच वाटे. वस्तुतः साल वृक्षांच्या रानातून, काळ्या कातळावरून, जांभूळ-अर्जुनाच्या सावलीतून वाहणारे असे निर्मळ ‘नाले’ मंडल्याच्या आणि बालाघाटच्या वाटेवर किती आहेत याची मोजदाद नाही. त्यांपैकी पुष्कळांना नकाशावर नाव नाही; आणि ज्याला नाव नाही त्याची चौकशी कोण करणार?

या ओढ्यांत व काठांवर कोण राहते, हे शास्त्रज्ञांना तरी पुरते ठाऊक असेल, अशी आपली समजूत असते. येथे मी एक अलीकडची हकीकत सांगतो. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि बालाघाटच्या जंगलात, म्हणजे कान्हा व पेंच यांना जोडणाऱ्या वनपट्ट्यात, वाघांच्या पाहणीसाठी आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे बसविण्यात आले होते. काही कॅमेरे ओढ्यांच्या पात्रालगत होते, कारण वाघ त्या वाटेने जातो. चित्रे तपासू लागल्यावर त्यांत एक वेगळाच प्राणी निघाला. तो होता युरेशियन पाणमांजर. मध्य भारतातील या जातीच्या अस्तित्वाचा हा छायाचित्रित पुरावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. नदीकाठचे आपले नेहमीचे, गुळगुळीत केसांचे पाणमांजर कळपाने हिंडते, म्हणून दिसते तरी. हे दुसरे एकांतप्रिय आणि बहुधा रात्री वावरणारे. वाघ शोधणाऱ्यांना ते वाटेत सापडले. पाणमांजर शोधावयास म्हणून कोणी त्या ओढ्यांवर गेलेच नव्हते!

आपल्या महाराष्ट्रातील आंबोलीची गोष्टही अशीच बोलकी आहे. तेथे हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाचे कुंड आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाविक तेथे आचमन करीत आले. त्याच कुंडातील एका चिमुकल्या माशाची जात विज्ञानाला अज्ञात होती, हे २०२० साली उघड झाले. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे तिचे नामकरण झाले आणि पुढील वर्षी ते स्थळ जैविक वारसा म्हणून जाहीर करण्यात आले. हजारो डोळ्यांनी ते पाणी पाहिले होते, पण मासा म्हणून त्या माशाकडे कोणी पाहिले नव्हते.

तेव्हा पाहणारे डोळे वाढवावेत, हा विचार साहजिकच पुढे येतो. प्राणिशास्त्राचे अभ्यासक किती? भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे मध्य विभागीय केंद्र जबलपुरात १९६० सालापासून आहे. १९६३ सालापासून राज्याची वनसंशोधन संस्थाही येथे आहे. तथापि अशा संस्थांतील मंडळींनी प्रत्येक ओढ्यावर ऋतूऋतूला जावे म्हटले तर त्यांना दुसरे आयुष्य मागून घ्यावे लागेल. म्हणून शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कारकून, गृहिणी अशा सामान्य नागरिकांनी ठरलेल्या पद्धतीने पाहावे, लिहावे आणि शास्त्रज्ञांनी ते टिपण पडताळून वापरावे, अशी रीत जगभर पडली आहे. तिला ‘नागरिक-विज्ञान’ असे काहीसे जड नाव मिळाले आहे. नावाने बिचकू नये. रीत तशी जुनीच आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी जास्तीत जास्त पाखरे मारण्याची शर्यत लागत असे; त्याऐवजी ती मोजावीत असे फ्रँक चॅपमन यांनी सुचविले आणि १९०० सालच्या नाताळात २७ जण मोजावयास निघाले. ती गणना आजतागायत चालू आहे. आपल्याकडे पाणपक्ष्यांची जानेवारीतील आशियाई गणना १९८७ सालापासून होत आली, तीही मुख्यतः हौशी लोकांच्या पायांवर. गोव्यात म्हादईच्या खोऱ्यातील अभ्यासकांच्या पुढाकाराने मलबार वृक्षभेकाच्या नोंदी सामान्य लोकांकडून जमविल्या गेल्या. हा भेक राहतो झाडावर, पण विणीपुरता ओढ्याकाठी उतरतो; तेवढ्या थोड्या रात्रींत त्याला गाठावयाचे, तर एकदोघा शास्त्रज्ञांच्या पायपिटीने काय होणार?

प्रत्यक्ष काम कसे चालते, हे मी आता स्वानुभवानेच सांगतो. निवृत्तीनंतर, गुडघे अद्याप शाबूत असताना, मी अशा एका ओढ्याच्या पाहणीत नाव घातले. ओढा मंडल्याच्या बाजूचा, एवढेच सांगतो. त्याचे नाव मुद्दाम सांगत नाही. कारण पुढे येईल.

प्रथम ओढ्याचे तुकडे पाडतात. युरोपात पाणमांजराच्या पाहणीसाठी काठाचे ६०० मीटर हे माप रूढ झाले आहे. आमचा तुकडा अर्ध्या किलोमीटरचा होता. तुकडा कोणता घ्यावयाचा हे आपण ठरवावयाचे नसते. हे मला प्रथम खटकले. वरच्या अंगाला एक सुरेख डोह होता, कातळावर बसावयास सोय होती, समोर खंड्या सूर मारीत होता. आणि माझ्या वाट्याला आला गुरे उतरण्याच्या जागेपासून सुरू होणारा, झुडपांनी भरलेला रुक्ष तुकडा! परंतु विचार करता त्यातील शहाणपण कळते. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या डोहावर जावे असे ठरले, तर देशातील सगळे ओढे रमणीय आहेत आणि सगळे प्राणी मोटाररस्त्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात, असा निष्कर्ष निघेल. हौशी मंडळींच्या नोंदींवर जो खरा आक्षेप घेतला जातो तो हा. आम्ही अजाण असतो हा आक्षेप त्यामानाने लहान. अजाणपणा शिकवून घालविता येतो, आवडनिवड जात नाही.

सकाळी ठरल्या वेळी दोघांनी निघावयाचे. आरंभाची वेळ लिहावयाची, हवा लिहावयाची. ठरलेल्या पाच ठिकाणी मोजकाठी उभी करून पाण्याची खोली घ्यावयाची. मग प्रवाहाविरुद्ध, सावकाश, फारसे न बोलता चालावयाचे. मराठी माणसाला यातील शेवटची अट सर्वांत अवघड जाते. पाण्यातून उठून आलेल्या दगडांवर पाणमांजराची विष्ठा असते. तीत माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे दिसतात व तिला माशांचा उग्र दर्प येतो. ओल्या वाळूत पाच बोटांची पावले उमटतात. पक्ष्यांत खंड्या, धोबी, नदीकाठची टिटवी. हिवाळ्यात दुरून येणारा करडा धोबी तर वाहत्या पाण्याच्या कडेने शेपटी हालवीत आपल्या पुढेपुढे चालतो, जणू वाट दाखविण्याचे काम त्याला नेमून दिलेले आहे. काठच्या गवतावर चतुर आणि त्यांच्या नाजूक बहिणी, ज्यांना आपण टाचण्या म्हणतो.

पण ओढ्याचे खरे वर्तमान असते ते दगडाच्या खालच्या अंगाला. पाण्यातला एक दगड हलक्या हाताने उलथावा. स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात तेथे चपटी, सहा पायांची, शेपटीला दोन-तीन लांब तंतू असलेली पिले चिकटलेली असतात. पंख फुटल्यावर ज्या माश्या जेमतेम एखाददुसरा दिवस जगतात, त्यांची ही पिले महिनोन्‌महिने या दगडाखाली काढतात. कोठे एखादी अळी वाळूचे कण आणि काटक्यांचे तुकडे रेशमाने जोडून आपल्याभोवती नळी बांधून बसलेली असते. गवंड्याला लाजवील असे काम! पाणी बिघडले, गाळ साचला की ही मंडळी प्रथम नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी गाळातल्या लाल अळ्या माजतात, कारण थोड्याशा प्राणवायूवर त्या भागवू शकतात. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेला तर त्या घटकेचे पाणी कसे होते ते कळते. दगडाखालची ही वस्ती मागील कित्येक आठवड्यांची साक्ष देते. ब्रिटनमध्ये गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनी हेच काम अंगावर घेतले आहे. तीन मिनिटे पायाने तळ ढवळावयाचा, खाली जाळे धरावयाचे आणि आठ ठरलेल्या गटांतील जीव मोजावयाचे. संख्या एका मर्यादेखाली गेली की सरकारी खात्याला वर्दी जाते. दगड मात्र होता तसा पुन्हा ठेवावयाचा. ते कोणाचे तरी घर असते.

माझ्या दुसऱ्याच खेपेची गोष्ट. जानेवारीची थंडी, पाण्यावर वाफा. एका कातळावर मला वाळलेली विष्ठा दिसली, तीत खेकड्याच्या कवचाचे लालसर तुकडे. मला हर्ष झाला. पाणमांजर! मी तक्त्यात लिहूनही टाकले. माझ्याबरोबर बालाघाटची एक मराठी विद्यार्थिनी होती, वयाने माझ्या नातीएवढी. ती खाली वाकली, काडीने तुकडे विलग केले, हुंगले, आणि म्हणाली, “काका, यात माशाचे खवले एकही नाहीत. वासही तसा येत नाही. खेकडे मुंगूससुद्धा खाते.” मी म्हणालो, “अगं, पण ओढा पाणमांजराचा वाटतो की!” ती हसली नाही. म्हणाली, “ओढा वाटतो, ते आपण लिहायचं नसतं ना काका.” मी शब्द खोडला आणि बाजूला ‘अनिश्चित’ असे लिहिले. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला ती खोडलेली ओळ काही दिवस बोचत राहिली, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी परतताना तिने मला ‘आढळले नाही’ या नोंदीचे गणित समजावून दिले. सर्व पाहणीचा कणा तेच आहे, म्हणून ते श्रोत्यांपुढे मांडतो. समजा, एका तुकड्यावर पाणमांजर राहते. पण आपण गेलो की त्याची खूण सापडण्याचा संभव निम्मा आहे. म्हणजे एका खेपेस काही न सापडण्याचा संभवही निम्मा. दोन खेपांत दोन्ही वेळा हुकण्याचा पाव, आणि तीन खेपांत तिन्ही वेळा हुकण्याचा एक अष्टमांश. म्हणून एकदा जाऊन ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या शब्दाला वजन थोडे, पण तीनदा जाऊन तिन्ही वेळा प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या शब्दाला बरेच. आता तो ‘निम्मा’ आकडा आणावयाचा कोठून? जेथे प्राणी आहे हे निश्चित झाले, अशा तुकड्यांवर तो किती खेपांत सापडला आणि किती खेपांत हुकला, यावरून. याचा अर्थ असा की, दिसल्याची नोंद आणि न दिसल्याची नोंद या एकमेकींना धरून उभ्या असतात. लोक दिसले तेवढेच कळवितात आणि रिकाम्या हाती आले की तक्ता पाठवीतच नाहीत. मग आलेल्या कागदांवरून पाहावे तर प्राणी सर्वत्र नांदत असतो!

आणि रिकामा तक्ता नसला की तुलना करावयास काही उरत नाही. कान्हाच्या कठीण जमिनीवरच्या बारशिंग्याची संख्या १९७० साली ६६ वर आली, हे मोजल्यामुळे कळले. कळले म्हणून धावपळ झाली आणि तो प्राणी वाचला. बारशिंगा मोठा, देखणा, कुरणात उघड्यावर चरणारा. दगडाखालच्या अळीला, ओढ्यातल्या बोटभर माशाला असा कोण मोजतो? त्यांचे जाणे कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच होऊन जाते. नर्मदेचा महाशीर मासा मध्य प्रदेशाने २०११ साली राज्यमासा ठरविला, तोपर्यंत जुन्या कोळ्यांच्या तोंडून त्याच्या आठवणीच अधिक ऐकू येऊ लागल्या होत्या. आठवणींवरून घट मोजता येत नाही.

हौशी माणसाच्या टिपणाची किंमत काय, असे कोणी विचारले तर आमच्या जबलपुरात एक उत्तर आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी जे प्रसिद्ध आहेत ते स्लीमन १८२८ साली येथे कॅप्टन होते. छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीवर त्यांना दगड झालेली हाडे मिळाली. ते काही भूशास्त्राचे पंडित नव्हते. पण त्यांनी ती हाडे जपली आणि जाणकारांच्या हवाली होऊ दिली. १८७७ साली लिडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या महाकाय प्राण्याचे वर्णन केले. पुढे १९१७ च्या सुमारास मॅटली यांनी त्याच टेकडीवर पुन्हा शोध घेतला. मूळ हाडे मात्र मध्यंतरी कोठे गेली कळेना. त्यांपैकी एक मणका २०१२ साली कोलकात्याच्या संग्रहात सापडला. हाड हरवले होते तोवरही त्याची टेकडी ठाऊक होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वस्तूबरोबर स्थळ लिहिलेले नसते, तर उरला असता तो केवळ एक विचित्र दगड.

स्थळ लिहावे, पण ते चव्हाट्यावर मांडू नये. पाणमांजराच्या कातडीला चोरट्या बाजारात भाव येतो. आपण हौसेने घेतलेले छायाचित्र, खाली ओढ्याचे नाव, गावाचे नाव, आणि आठ दिवसांनी तेथे फासे! म्हणून अशा प्राण्यांची अचूक जागा पाहणी चालविणाऱ्यांकडे द्यावयाची आणि इतरत्र तोंड मिटून बसावयाचे. माझ्या ओढ्याचे नाव मी गाळले ते यासाठीच. बाकीची पथ्ये थोडक्यात सांगतो. राखीव वनात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. एकट्याने जाऊ नये. पावसाळ्यात वर डोंगरात ढग दिसला की पात्रातून बाहेर पडावे. डोंगरओढ्याला पूर येतो तो आपल्या डोक्यावरच्या पावसाने नव्हे. जबलपूरजवळच्या परियट नदीत मगरी आहेत, तेव्हा ‘पाणी उथळ दिसते’ हे कारण पुरेसे नाही.

आणि त्या भागातील माणसांना विचारावे. आमच्याबरोबर येणारा वाटाड्या गोंड. त्याने तक्ता कधी हाती धरला नाही. परंतु कोणत्या अर्जुनाच्या मुळाशी वैशाखातही झरा पाझरतो, कोणत्या वळणावर पूर्वी महाशीर येई, हे त्याला मुखोद्गत. त्याचे सांगणे आम्ही वेगळ्या रकान्यात, ‘ऐकीव’ म्हणून लिहितो. ऐकीव म्हणजे खोटे नव्हे. पाहिलेले व ऐकलेले वेगळे ठेवले म्हणजे दोन्ही उपयोगी पडतात.

तीन वर्षांत मी माझ्या तुकड्यावर नऊ वेळा गेलो आहे : दर वर्षी नोव्हेंबरात, जानेवारीत आणि एप्रिलात. पाणमांजराच्या रकान्यात आठ वेळा ‘आढळले नाही’ आणि एकदा ती खोडलेली ओळ. खालच्या तुकड्यावरच्या जोडीला मात्र दोनदा वाळूत स्पष्ट पावले मिळाली. म्हणजे प्राणी ओढ्यावर आहे, आणि माझ्या तुकड्यापर्यंत येत नाही. का येत नाही याचे उत्तर कदाचित मोजकाठीच्या रकान्यात असेल. पहिल्या एप्रिलात पाचही ठिकाणी पाणी वाहत होते. शेवटच्या ठिकाणी ते घोट्याएवढे होते. दुसऱ्या वर्षी तेथे नुसती ओल. तिसऱ्या वर्षी तीन डबकी उरली, त्यांच्यामध्ये कोरडा कातळ, आणि दगड उलथले तर नळी बांधणाऱ्या अळ्यांच्या रिकाम्या नळ्या. पाऊस त्या वर्षी उणा होता काय, की वरच्या अंगाला शेतांवर बसलेल्या पंपांचा हा परिणाम, हे तीन वर्षांच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही, असे त्या विद्यार्थिनीचे मत आहे. मी पंपांना दोष देण्याच्या बेतात होतो. तिने मला पुन्हा एकदा थांबविले. शेतकऱ्यालाही उन्हाळ्यात गहू काढल्यावर मूग लावावयाचा असतो, त्याचेही ऐकावयास हवे.

येत्या नोव्हेंबरात पुन्हा जावयाचे आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक पंप बसल्याचे नाकेदाराने कळविले आहे. तेव्हा या खेपेपासून तक्त्याला एक रकाना वाढविला असून, पंप किती आणि ते दिवसाकाठी किती वेळ चालतात, हे मालकांना विचारून लिहावयाचे काम, माझे केस पांढरे असल्यामुळे, माझ्याकडे आले आहे.